चावत नाही त्याचे नाव

जमिनीतून पाणी वर येण्याच्या क्रियेसाठी मराठीने जितके शब्द सांभाळले आहेत, तितके फार थोड्या गोष्टींसाठी सांभाळले असतील. झरा आहे, पाझर आहे, उमाळा आहे. कोरड्या नदीच्या वाळूत हाताने उकरलेला झिरा आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधाशी अचानक फुटते ती उपळ आहे. यांतले काही शब्द आपण माणसाच्या मनाकडेही वळवून घेतले. कठोर माणसाला पाझर फुटतो, उमाळे दाटून येतात. लक्षणा शिकवताना उदाहरणासाठी फार लांब जावे लागत नाही ते यामुळेच. या पाण्यात जे राहते त्यातल्याही बऱ्याच गोष्टींना भाषेने नावे दिलेली आहेत: खेकडा, मुठा, वांब, मळ्या, जळू, शिंपला. मात्र त्याच पाण्यात, दगडाच्या खालच्या अंगाला, एक प्राणी राहतो, ज्याला मराठीत नाव नाही. पाठ्यपुस्तकात तो ‘चपट्या कृमींचा संघ’ या मथळ्याखाली येतो आणि त्याला प्लॅनेरिया म्हणतात. परीक्षेपुरते हे पुरेसे आहे. झऱ्याकाठी उभे राहिल्यावर ते पुरत नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मी प्राणिशास्त्राची नव्हे, मराठीची शिक्षिका आहे. नगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, प्रवरेच्या उगमाकडच्या एका वाडीतली एक विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात शिकते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा जो प्रकल्प सर्वांनाच करावा लागतो, त्यासाठी तिने वाडीचा झरा निवडला. झऱ्याची माहिती लिहिताना तिने ‘पाण्यात काळपट, चपट्या, जळूसारख्या अळ्या आढळतात’ असे एक वाक्य लिहिले आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी वही माझ्याकडे आली. वाक्य शुद्ध होते. पण ‘जळूसारख्या’ म्हणजे जळू नव्हेत. मग त्या कोण? हा प्रश्न घेऊन आम्ही प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो आणि एका रविवारी तिघेही वाडीवर गेलो.

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. नगर म्हटले की दुष्काळ, छावण्या आणि टँकर डोळ्यांपुढे येतात, आणि पाथर्डी-पारनेरकडच्या भागासाठी ते खोटेही नाही. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, रतनगड, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड यांच्या सावलीत, पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले ते या पावसाच्या भरवशावर. त्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांना मात्र धरणाचे पाणी वर चढून येत नाही. उन्हाळ्यात त्यांचा जीव झऱ्यावर असतो. आमची वाडी त्यांपैकीच एक.

झरा म्हणजे कड्याच्या पायथ्याशी एक बोट जाड धार आणि तिच्यापुढे परातीएवढे डबके. सरांनी सोबत आणलेले साहित्य पाहून मला हसू आले: पांढरी बशी, रंगकामाचा मऊ कुंचला, भिंग आणि जाळीच्या पिशवीत बांधलेला काळजाचा तुकडा. हे प्राणी उजेड टाळतात, त्यामुळे डबक्याकडे नुसते पाहत बसले तर काहीच दिसत नाही. दगड अलगद उचलून उलटा करायचा आणि क्षणभर थांबायचे. दगडावरचे पाणी ओघळून गेले की एखादा काळपट ठिपका सरकू लागतो. चिमट्याने धरला तर तो फाटतो, म्हणून कुंचल्याने उचलून बशीत सोडायचा. काळजाचा तुकडा सावलीतल्या दगडाखाली ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात वासावर आणखी काही गोळा होतात.

बशीतल्या पाण्यात तो ताणला गेला तेव्हा लांबी जेमतेम सेंटिमीटरभर भरली. रंग ओल्या काताचा. जळू आणि हा यांत फरक कसा करायचा, हे सरांनी मुलीला दाखवले आणि तो भाग मला फार आवडला, कारण ते पहिल्या दर्जाचे वाचन होते. जळू चालते तेव्हा अंगाची कमान करते, जणू वितीने जागा मोजत जाते; तिच्या दोन्ही टोकांना चूषक असतात. हा प्राणी मात्र मापे घेत नाही. पोटाच्या बाजूला असलेल्या अतिसूक्ष्म केसांच्या आणि स्वतःच्याच चिकट स्रावाच्या आधाराने तो काचेवरून थेंब घसरावा तसा सरळ सरकतो. जळूचे अंग वळ्यावळ्यांचे असते, याचे सपाट आणि सलग. गोगलगायीसारखी शिंगे नाहीत. डोके त्रिकोणी, दोन्ही बाजूंना कानांसारखे छोटे पदर, आणि दोन डोळे. डोळ्यांचा काळा भाग आतल्या बाजूला आणि भोवतीचा पांढरा भाग बाहेर, त्यामुळे तो कायम नाकाच्या शेंड्याकडे पाहत असल्यासारखा तिरळा दिसतो. भिंगातून पाहिल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘सर, हा तर रागावलाय.’’ तोंड मात्र डोक्यावर नाहीच. ते पोटाच्या मध्यावर असते. तिथून एक पांढरी नळी बाहेर येते आणि खाद्यात खुपसली जाते. काळजाच्या तुकड्यावर बसलेल्या एकाची ती नळी आम्ही तिघांनी पाळीपाळीने पाहिली. मग हळूहळू त्याच्या अंगात आतड्याच्या तीन शाखा तांबूस होऊन उमटल्या: एक डोक्याकडे, दोन शेपटीकडे. ज्या गणाला शास्त्रज्ञ ‘त्रिशाखी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, त्याचा अर्थ असा जेवणातून उलगडला.

इतके झाले की गणाची ओळख पक्की. दोनच डोळे, त्रिकोणी डोके, काळपट रंग या खुणांवरून सरांनी ‘डुगेसिया’ ही प्रजात सांगितली. (युरोपात ‘पॉलिसेलिस’ नावाची एक प्रजात आहे, तिच्या डोक्याच्या कडेने डोळ्यांची माळच असते. तशी ही नव्हती.) पुढे, म्हणजे नेमकी जात कोणती, हा प्रश्न मुलीने विचारला तेव्हा ते म्हणाले, ‘‘ते बाहेरून सांगता येत नाही.’’

तोवर मुलीची आजी कळशी घेऊन आली होती. आमचा उद्योग तिने शांतपणे पाहिला. मी विचारले, ‘‘आजी, याला तुम्ही काय म्हणता?’’ तिने बशीत डोकावून पाहिले. हे तिने जन्मभर पाहिले होते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. म्हणाली, ‘‘त्याला कशाला नाव? चावत न्हाई ते कुनाला.’’

नामकरणाचा इतका थेट सिद्धान्त मी कोणत्याही भाषाशास्त्राच्या ग्रंथात वाचलेला नाही. विंचू, गोचीड, पिसू, ढेकूण, गांधीलमाशी, चिलट, जळू: जे डसते, चिकटते, रक्त पिते, त्याला नाव आहे. जे खाता येते त्याला तर आहेच. जे यांपैकी काहीच करत नाही ते ‘किडा’ किंवा ‘अळी’ या सामान्यनामात ढकलले जाते. आजीचे म्हणणे जसेच्या तसे पत्करले तर बहुतांश सजीवसृष्टी अनामिक राहील, आणि आपल्या भाषेत ती खरोखरच अनामिक आहे.

पाठ्यपुस्तकाने दिलेल्या शब्दाची अडचण याहून वेगळी आहे. ‘कृमी’ हा शब्द मराठीत निर्दोष नाही. तो पोटातला आहे, जखमेतला आहे, औषधाच्या बाटलीवरचा आहे. चपट्या कृमींशी महाराष्ट्राचा परिचय झाला तोही आजारांमधूनच. धनगरांच्या मेंढ्यांना पावसाळ्याच्या शेवटी दलदलीकडेचे गवत खाऊन लिव्हर फ्लूक होतो, जबड्याखाली पाणी साचते, आणि खाटकाला कापलेल्या काळजात पानासारखे चपटे जंत सापडतात. तो चपटा कृमीच, वाटेत गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या शरीरात राहून आलेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तिथल्या लोकांच्या लघवीत रक्त आढळण्याचे कारण शोधले, तेव्हा शिस्टोसोमा हा रक्तवाहिन्यांत राहणारा चपटा कृमी निघाला. आफ्रिकेत लाखोंना जडणारा हा रोग भारतात असा एका गावाच्या नावाने वैद्यकाच्या ग्रंथांत जाऊन बसला. ओढ्यातल्या एका नखाएवढ्या चपट्या शंखाच्या गोगलगायीपर्यंत त्याचा माग नेला गेला. नारू चपटा नव्हता, गोल कृमींपैकी होता. पण पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी आणि पायातून निघणारा धागा ही जोडी जुन्या पिढीच्या मनातून पुसलेली नाही, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला तरीही. तेव्हा ‘तुमच्या झऱ्यात चपटे कृमी आहेत’ असे वाडीत जाऊन सांगितले तर ऐकणारा काय ऐकेल? शास्त्रदृष्ट्या वाक्य बरोबर, आणि अर्थदृष्ट्या जवळजवळ खोटे. कारण झऱ्यातला हा प्राणी कोणाच्या शरीरात राहत नाही. तो मुक्त आहे, शिकारी आहे, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या खाऊन जगतो.

हा केवळ शब्दार्थाचा वाद राहिला नाही. प्रकल्पाची बातमी वाडीत पसरली आणि कोणीतरी ग्रामपंचायतीत सांगितले की झऱ्यात जंत निघाले. चार दिवसांत जलसुरक्षक टीसीएल पावडरची पिशवी घेऊन झऱ्यावर हजर. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काहीच चुकत नव्हते. पाण्यात क्लोरीन उतरला की नाही हे ओटी टेस्टने पाहायचे, नळीतले पाणी पिवळे झाले की नोंद करायची, हे त्याचे काम; आणि पावसाळ्याच्या तोंडाला वाड्यांवर जुलाबाची साथ कशी येते हे त्याने माझ्याहून जास्त जवळून पाहिले होते. परंतु क्लोरीन या प्राण्याला मुळीच सोसत नाही. प्रयोगशाळेत त्यांना नळाचे पाणी घालायचे तर आधी क्लोरीन उडवून लावावा लागतो. थेट उगमात पावडर पडली असती तर त्या डबक्यातली वस्ती एका सकाळीत संपली असती. आणि पाणी तर वाहतेच होते, म्हणजे पावडरही तासाभरात वाहून गेली असती! सरांनी त्याला हे समजावले. पंधरा-वीस फूट खाली सिमेंटची साठवण टाकी आहे, माणसे पाणी तिथून भरतात. पावडर तिथे मोजून टाकावी, उगमात नको. त्याला ते पटले, कारण पाणी साठलेले असल्याशिवाय मात्रा लागू पडत नाही, हे त्याला प्रशिक्षणात सांगितले होतेच. प्लॅनेरिया दिसले म्हणजे पाणी पिण्यास निर्धोक, असेही समजू नये, हे सरांनी तितक्याच आग्रहाने सांगितले. थोडीफार घाण सोसणाऱ्या जातीही यांत आहेत. मला या संभाषणात भाग घेण्यासारखे काही नव्हते. ‘जंत’ हा एक शब्द किती वेगाने डोंगर उतरतो आणि पिशवी घेऊन परत चढतो, हे मात्र मी पाहिले.

आता जातीच्या ओळखीकडे येते. ब्रिटनमध्ये गोड्या पाण्यातल्या या प्राण्यांच्या जाती जेमतेम डझनभर आहेत. तिथे डोळे, रंग, डोक्याचा आकार पाहून जिवंतपणीच बहुतेकांची ओळख पटवता येते. रेनॉल्डसन यांनी त्यासाठी केलेली कळसूची प्रसिद्ध आहे. डुगेसियाच्या बाबतीत हे चालत नाही. या प्रजातीतल्या अनेक जाती बाहेरून एकसारख्या दिसतात. फरक असतो तो जननेंद्रियांच्या रचनेत. त्यासाठी पूर्ण वाढलेला प्राणी विशिष्ट द्रवात मारायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याच्या पाच-सात हजारांश मिलिमीटर जाडीच्या चकत्या क्रमाने कापायच्या, रंगवायच्या, आणि मग एकेक चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आतल्या नळ्या, पिशव्या आणि द्वारे यांची आकृती मनात पुन्हा उभी करायची. सरांनी जुन्या चकत्यांची एक मालिका मला दाखवली. शंभरावर चकत्या, काचेवर ओळीने लावलेल्या, डावीकडून उजवीकडे वाचायच्या. एक चकती हरवली तरी नळी कुठे उघडते ते कळत नाही. मला पाठचिकित्सेची आठवण झाली. याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढे एकनाथांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. पोथ्या बाहेरून सारख्याच दिसतात. कोणत्या कुळाची प्रत, हे आतल्या एखाद्या ओवीतल्या प्रत्ययावरून ठरते.

साम्य इथे थांबते, कारण पोथी वाचून झाल्यावर पुन्हा बांधून ठेवता येते.

कापण्याच्या बाबतीत या प्राण्याची ख्याती वेगळीच आहे. टॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ मध्ये नोंदवले की शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी पुन्हा तयार होतो. २०१३ मध्ये शोमरात आणि लेविन यांनी दाखवले की शिकवून तयार केलेल्या प्लॅनेरियाचे डोके कापले, नवे डोके उगवू दिले, तरी थोड्याशा उजळणीनंतर जुना धडा त्याला आठवतो. (शिक्षकांनी यावर मत्सर करू नये.) त्याआधी अमेरिकेत जेम्स मॅकॉनेल यांनी १९५९ पासून याच प्राण्यावरच्या संशोधनासाठी एक नियतकालिक चालवले, त्यात गंभीर प्रबंधांशेजारी विडंबने छापली जात, वाचकांचा गोंधळ होऊ लागला तेव्हा विनोदी भाग उलट्या बाजूने छापण्यात आला. मराठीतल्या काही संशोधनपत्रिकांनी ही सोय विचारात घ्यायला हरकत नाही.

पण या चिवटपणातच ओळखीची खरी अडचण आहे. डुगेसियाच्या पुष्कळ वस्त्या लैंगिक पद्धतीने वाढतच नाहीत. प्राणी शेपटीचा भाग दगडाला घट्ट चिकटवतो, पुढचा भाग पुढे ओढत राहतो, आणि मधोमध फाटून एकाचे दोन होतात. अशा वस्तीत जननेंद्रिये तयारच होत नाहीत. म्हणजे ज्या अवयवांवरून नाव ठरायचे तेच नाहीत. हवे तितके कापा, चकत्या कोऱ्या. शास्त्राला अशा वेळी ‘डुगेसिया, जाती अनिश्चित’ एवढेच लिहिता येते. जनुकक्रमावरून आज तपासता येते हे खरे, पण क्रम जुळवायला आधी कोणीतरी नीट नाव दिलेल्या नमुन्याचा क्रम नोंदलेला असावा लागतो. संदर्भग्रंथच नसेल तर अवतरण कोणाचे, हे कसे सांगणार?

नावे दिली गेली आहेत ती कोठे आणि कोणाची, हेही पाहण्यासारखे आहे. आमच्या झऱ्यातल्या प्राण्याच्या प्रजातीचे नाव शार्ल जिरार यांनी १८५० मध्ये आंत्वान द्युजे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिले. भारतातली एक जात ‘डुगेसिया बेंगालेन्सिस’. ती शांतिनिकेतनात, विश्वभारतीच्या परिसरात सापडली आणि जपानच्या मासाहारू कावाकात्सू यांनी १९८३ मध्ये तिचे वर्णन केले. रवींद्रनाथांच्या परिसरातल्या पाण्यातला जीव नाव घ्यायला जपानपर्यंत गेला. जगभरच्या प्रयोगशाळांत, बंगळूरमध्येही, पुनर्जननाचा अभ्यास ज्या प्लॅनेरियावर चालतो तो भूमध्य समुद्राकडचा. त्याचा एक वंश तर बार्सिलोनातल्या एका कारंज्यातून उचललेल्या प्राण्याचा. त्या एका कारंज्याविषयी जगाला जितके ठाऊक आहे तितके सह्याद्रीतल्या सगळ्या झऱ्यांविषयी मिळून नाही. यात कोणावर रोष नाही. कारंज्याजवळ भिंग घेऊन कोणीतरी वाकले, इतकेच.

मग आपण मराठी नाव घडवावे काय? मुलीची तशी इच्छा होती, आणि माझ्या विभागातल्या दोघांनी उत्साहाने यादीही केली: पर्णिका, तिरळी, सरपट, जलपट्टी. मला त्यांतले एकही पटले नाही. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर जंगलातल्या माणसांकडून पाखरांची नावे वेचली. ती नावे होती म्हणून वेचता आली. आम्ही ज्याला घडवणार होतो ते नाव कोणाच्याही तोंडी नव्हते, आणि खोलीत बसून घडवलेली नावे किती दिवस जगतात हे परिभाषाकोशांची पाने सांगतात. तरीही ‘तिरळी’ हा शब्द वाडीतल्या पोरांनी उचलला आहे असे मुलगी सांगते. दगड उलटून ती एकमेकांना तिरळी दाखवतात आणि दगड परत पालथा घालतात. शेवटची गोष्ट तिने त्यांना बजावून शिकवली आहे.

प्रयोगशाळेतल्या बाटलीवर चिठ्ठी लावताना एक जुनाच पेच उभा राहिला. कपाटातल्या आधीच्या सगळ्या नमुन्यांवर ‘जि. अहमदनगर’ आहे, २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला. प्राणिशास्त्रात नियम असा, की सर्वांत जुने वैध नाव टिकते, मग ते कोणाला आवडो वा न आवडो. जिल्ह्यांना हा नियम लागू नाही. सरांनी नवे नाव लिहिले, कंसात जुने, आणि खाली अक्षांश-रेखांश.

जातीचे नाव मिळण्याची एक वाट अजून मोकळी आहे. काही जातींच्या अलैंगिक वस्त्या थंड पाण्यात ठेवल्या तर त्यांच्यात जननेंद्रिये तयार होऊ लागतात. म्हणून सरांनी झऱ्याचेच पाणी आणून एका काचपात्रात काही प्राणी ठेवले आहेत, पात्रावर काळा कागद गुंडाळून, विभागाच्या जुन्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, दुसऱ्या दिवशी पाणी बदलणे, आणि पोटाखाली जननद्वार दिसते का ते भिंगातून पाहणे. सुट्टीच्या दिवशी हे काम माझ्याकडे असते. जूनमध्ये आणले तेव्हा अकरा होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मोजले तर सतरा भरले. त्यांतल्या चौघांना अजून डोके फुटायचे होते.